शब्द चोवीस तारखेलाच

प्रिय चिमणे,

या वयात तुला चिमणी म्हटलेलं तुझ्या ऑफिसातल्या कुणी ऐकलं तर तुझी पंचाईत होईल, पण पत्र तू एकटीच वाचणार आहेस. फोनवर बोलायचं मनात होतं. मग वाटलं, फोनवर मी दोन वाक्यं बोलते आणि तिसरं तू आपल्याच मनाने पूर्ण करून मोकळी होतेस, ही तुझी लहानपणापासूनची खोड. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. पुढची पानं आधी उलटून बघू नकोस.

आपल्या समोरच्या इमारतीत पूर्वी सायकलींचं गोदाम होतं, तिथे आता तीन मजली दुकान झालंय. अत्तरं, खेळणी, चादरी, मोजे, सगळं एका छपराखाली. तू मागच्या वेळी आलीस तेव्हा नुसते पत्रे लावलेले होते. दुकान चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही, माझी शिवणाची कात्री मी तिथूनच आणली. पण त्यांनी दारावर एक स्पीकर बसवलाय आणि त्याचं तोंड नेमकं आपल्या बैठकीच्या खिडकीकडे आहे. नोव्हेंबर लागला न लागला तोच त्यातून नाताळची गाणी सुरू झाली. सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी दार लागेपर्यंत. गोठा, मेंढपाळ, देवदूत, तारा, आणि मध्येच एक बाई गोड आवाजात सांगते की दुसऱ्या मजल्यावर मोज्यांच्या जोडीवर सूट आहे. मग पुन्हा देवदूत. पहिल्या दिवशी मला हसूच आलं. म्हटलं, यांच्याकडे येशू जन्मायच्या आधीच त्याचे मोजे विकायला काढलेत.

तुझ्या बाबांना मात्र हसू आलं नाही. तुला त्यांचा नियम आठवतो ना? नाताळच्या आधीचे आठवडे वाट बघायचे, गाण्याचे नाहीत. आणि त्यांच्या चर्चच्या क्वायरला, त्या गाणाऱ्या मंडळींना, तर तालीम केल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून त्यांनी ती युक्ती काढली होती. सगळी गाणी नुसत्या ‘ला’वर बसवायची. चारही आवाज, सगळी कडवी, ला ला ला. शब्द एकदाही तोंडातून जाऊ द्यायचा नाही. शब्द घरी पाठ करा, मनात म्हणा, पण ओठांवर येतील ते चोवीस तारखेला संध्याकाळी, उपासना सुरू झाल्यावरच. रोज उच्चारले की शब्द झिजतात, असं त्यांचं म्हणणं. तुझ्या खर्जवाल्या काकांच्या तोंडून एकदा तालमीत चुकून अख्खी ओळ निसटली, तर एवढ्या मोठ्या बँक अधिकाऱ्याला त्यांनी बाहेर अंगणात उभं केलं होतं. आणि तो बिचारा उभाही राहिला! तू तर न्हाणीघरातसुद्धा ‘ला’वर गायचीस. मला सूर नाही हे त्यांना लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, त्यामुळे मोठ्या प्रेमाने त्यांनी मला, ते वाजवायचे त्या ऑर्गनशेजारी, पानं उलटायला बसवलं. त्यांची भुवई वर गेली की पान उलटायचं, एवढीच माझी संगीतसेवा. पण चोवीस तारखेला दिवे मंद व्हायचे, ते तुझ्याकडे बघून मान हलवायचे, आणि तुझ्या तोंडून त्या वर्षातला पहिला शब्द निघायचा, तेव्हा माझ्यासारख्या बेसुरीच्याही अंगावर काटा यायचा. सबंध चर्च त्या एका शब्दासाठी श्वास धरून बसलेलं असायचं.

आता बाबांच्या डोक्यातून पुष्कळ काही गेलंय. आपण कोणत्या मजल्यावर राहतो ते गेलं, जेवण झालं की नाही ते जातं, माझं नाव येऊन-जाऊन असतं. पण हा नियम गेला नाही. तो कुठे खोल मुरलाय कोण जाणे. त्यांच्या लेखी गाण्याला शब्द आले म्हणजे चोवीस तारीख, म्हणजे दिवे मंद झालेत, उपासना सुरू झालीये, आणि आपण इथे घरात खुर्चीवर बसून आहोत. ऑर्गनवर कुणी नाही. तुला त्यांचा चेहरा कसा होतो ते लिहून सांगता येणार नाही. कपाट उघडून काळा सूट काढतात, बटणं लागत नाहीत, मला विचारतात की तू मला उठवलं का नाहीस. चिमणी पोचली का, तिचं पहिलं कडवं आहे, असं विचारतात. मी सांगते की अजून पुष्कळ दिवस आहेत, हे समोरचं दुकान आहे. ते ऐकतात, बसतात, घाम पुसतात. तेवढ्यात दुसरं गाणं लागतं. की पुन्हा पहिल्यापासून. असं दिवसभर, चिमणे. दिवसभर माणूस आपल्याच आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाला उशिरा पोचतोय.

एकदा मी खाली कचरा टाकायला गेले तेवढ्यात ते निघाले. सूट, पायात घरातल्या सपाता, आणि सरळ रस्त्यात. बसवाल्याने कचकन ब्रेक मारला म्हणून वाचले. मी धावत दुकानात शिरले तर अत्तरांच्या काउंटरजवळ बाबा उभे, डावा हात वर, आणि डोळ्यांनी क्वायर शोधताहेत. लोकांना वाटलं दुकानानेच काही कार्यक्रम ठेवलाय. टाळ्या वाजल्या, फोन बाहेर निघाले. कुणीतरी त्यांच्या डोक्यावर लाल टोपी घातली. बाबा त्या लोकांना विनवत होते की शांत राहा, उपासना चालू आहे. लोक आणखी हसले. मी टोपी काढली आणि जिने घातली होती तिच्या हातात कोंबली. काय बोलले ते आठवत नाही, पण फार बोलले असणार, कारण ती पोरगी रडली. दुसऱ्या दिवशी दुकानातून निरोप आला की आजोबा रोज संध्याकाळी येणार असतील तर लोकांना आवडेल. मी दार लावून घेतलं.

खिडकी बंद करून बघितली, जाड पडदे शिवले, बैठक मागच्या खोलीत हलवली. पण एका दुकानाला टाळून काय होणार? दवाखान्यात गेलो तर तिथे नर्सच्या टेबलावर तीच गाणी. औषधाच्या दुकानात तीच. गॅसच्या कंपनीला फोन केला तर थांबा म्हणून तेच गाणं कानात. रिक्षात तेच. मी वैतागून चर्चमध्ये गेले, म्हटलं निदान इथे तरी वाट बघण्याचे आठवडे पाळत असतील. पाळकसाहेब भले माणूस आहेत, त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. क्वायर आता राहिलेली नाही. खर्जवाले काका गेले, बाकीचे मुलांकडे पांगले. नव्या मुलांना तालमीला वेळ नाही, म्हणून पाळकसाहेब पडद्यावर शब्द दाखवतात आणि मागून तयार संगीत लावतात. नोव्हेंबरातच सुरू केलंय, कारण लोकांना वातावरण हवं असतं. ऑर्गनवर झाकण घालून त्यावर फुलदाणी ठेवली आहे. मी ती नुसती बघून आले. भांडायला गेले होते, पण कुणाशी भांडायचं ते कळेना.

मग मी दुकानाच्या मॅनेजरला भेटले. गळ्यात टाय, चेहऱ्यावर झोप अपुरी, तुझ्यापेक्षा लहान. मी सगळं सांगितलं तसा तो ओशाळला. त्याने मला मागच्या खोलीत नेऊन एक छोटी पेटी दाखवली, तिला कुलूप. गाणी म्हणे मुख्य ऑफिसातून येतात, सगळ्या शाखांना एकाच वेळी तीच. आवाजसुद्धा तिकडूनच ठरतो. सकाळी संथ गाणी, म्हणजे गिऱ्हाईक रेंगाळतं आणि रेंगाळलं की चार वस्तू जास्त उचलतं. संध्याकाळी गर्दी झाली की उडती, म्हणजे लोक पटापट पुढे सरकतात. ओळखीची गाणी हवीत, शब्द हवेत, कारण लोकांना आपलं लहानपण आठवतं आणि आठवलं की हात सैल होतो. हे त्याने मला अगदी सरळपणे सांगितलं, काही लपवलं नाही. मी म्हटलं, अरे, आमच्या घरात एकाला लहानपण सोडून काहीच आठवत नाही, त्याचं काय करू? त्याने पेटीचं कुलूप उगाच ओढून बघितलं. पण संध्याकाळी खिडकीतून बघते तर तो स्वतः शिडीवर चढून दारावरच्या स्पीकरला टॉवेल गुंडाळत होता.

टॉवेलने फारसं झालं नाही. मग त्याने कुठून तरी किल्ली मिळवून त्या पेटीतल्या पेटीत एक सोय काढली. गाणी तीच, पण नुसती व्हायोलिन आणि पियानोवर, गाणारं कुणी नाही. मला त्याने विचारलं की हे चालेल का. मी त्याला ‘ला’ची हकीकत सांगितलेली, ती त्याच्या डोक्यात राहिली होती बघ. आणि चिमणे, तो आठवडा! बाबा खिडकीशी खुर्ची ओढून बसले. त्यांच्या हिशेबी तालीम चालली होती. घाई कसली, अजून दिवस आहेत. मांडीवर बोटं चालायची, मध्येच नाक मुरडायचे की तिसऱ्या कडव्यात हे लोक धावतात. माझ्याकडे बघून भुवई वर करायचे आणि मी हवेतच पान उलटायची. जेवण व्यवस्थित, झोप व्यवस्थित. एकदा मला नावाने हाक मारली. मॅनेजर आम्हाला बघायला घरी आला, चॉकलेटचा डबा घेऊन. बाबांना वाटलं नवीन गायक आलाय. त्याला समोर उभं करून त्याच्याकडून ‘ला’ म्हणवून घेतलं, खालून वर, वरून खाली. पोरगा लाजून लाल झाला, पण गायला. आवाज बरा आहे, श्वास कमी पडतो, तालमीला वेळेवर ये, असं सांगून बाबांनी त्याला क्वायरमध्ये घेतलं. तो जिना उतरताना डोळे पुसत होता. मी इतकी हसले त्या दिवशी. मूर्खासारखं वाटलं की निभेल हे. नाताळपर्यंत असंच निभेल.

निभलं नाही. मुख्य ऑफिसातून कुणी साहेब फिरतीवर आले, त्यांना दुकान उदास वाटलं. मॅनेजरला बोलणी बसली. तो येऊन हात जोडून सांगून गेला की काकू, माझ्या हातात होतं तेवढं केलं. मी त्याला काय म्हणणार? दुसऱ्या सकाळपासून शब्द परत आले, टॉवेलही निघाला. आणि आता बाबांचं आणखी बिघडलं होतं. तालीम झालेली, मग उपासना सुरू, आणि आपण गैरहजर! पूर्वी ते मला विचारायचे तरी, आता माझ्यावर धावून येऊ लागले की तूच मला कोंडून ठेवलंस. खरंच कोंडलं होतं ना मी, दाराला आतून कुलूप घालत होते. एकदा त्या कुलपाशी झटताना त्यांचं नख निघालं. पुढे पुढे शब्दांचंही कारण उरलं नाही. नुसतं व्हायोलिन, लिफ्टची घंटी, शेजारच्या बाळाचा खुळखुळा, काहीही वाजलं की ते सूट शोधायचे. सूट मी लपवला तर पायजम्यावर निघायचे. डॉक्टरांनी गुंगीचं औषध वाढवलं, त्याने पाय लटपटतात, पण भीती तशीच राहते. लटपटत्या पायांनी भ्यायचे ते. मी हात टेकले, चिमणे. मला आता चांगलं काही होईल अशी आशा नाही, हे मी तुला स्वच्छ लिहिते. रोज सकाळी दुकानाचं शटर वर जाताना ऐकलं की मी आधी दाराचं कुलूप चाचपून बघते.

म्हणून मी एक केलं. तू हट्टाने त्यांच्या दोन्ही कानांत बसवून घेतलेली ऐकायची यंत्रं, त्यांतले सेल मी काढले. आधी फक्त शटर वर जाताना थोडा वेळ. त्या पहिल्या दिवशी गाणं वाजत होतं आणि ते शांत बसून भिंतीवरचं ऊन बघत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, दुःखाने की सुटकेने ते मलाही कळलं नाही. मग दुपारी काढले, मग संध्याकाळी, आणि आता घालतच नाही. बाबा यंत्र कानातून काढून माझ्याकडे आणतात. बिघडलंय, जरा बघतेस का, असं म्हणतात, अगदी अदबीने. मी ते फडक्याने पुसते, फुंकर घालते, उघडून बंद करते आणि परत कानात बसवते. ते आभार मानतात. काहीच फरक पडलेला नसतो, तरी आभार मानतात. आमचं बोलणं आता पाटीवर, वाचता अजून येतं त्यांना, देवाची तेवढी कृपा. यंत्र बसवणाऱ्या बाईंना मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या की या वयात, या आजारात, जो आवाज ऐकणं थांबतं तो डोकं पुसून टाकतं, पुढे सेल घातले तरी ओळख पटेलच असं नाही. मी हेही ऐकून घेतलं आणि तरी सेल घातले नाहीत. तू असतीस तर काय केलं असतंस ते मला ठाऊक नाही. मी त्यांचं भिणं रोज बघत होते, तू नव्हतीस, एवढंच म्हणते.

आणि आता मी लिहायला का बसले ते. रविवारी तू फोन केलास, बाबांना द्यायला सांगितलंस. मला काय माहीत तू काय करणार आहेस. नेहमीसारखं कसे आहात विचारशील, ते हसतील, मी पुढचं सांभाळून घेईन, असा माझा हिशेब. मी फोन त्यांच्या कानाला लावला आणि तू गायला लागलीस. तुझं पहिलं कडवं, शब्दांसकट, आणि थांबली नाहीस, सगळी कडवी गायलीस. मी शेजारीच बसले होते, मला सगळं ऐकू आलं. आवाज अजून तसाच आहे गं तुझा. बाबा फोन धरून समोर बघत होते. तू संपवलंस, बाबा, बाबा, अशा हाका मारल्यास, आणि मग ते मला विसरले असं काहीतरी म्हणून रडत फोन ठेवून दिलास. ते तुला विसरलेले नाहीत. त्यांना ऐकू आलं नाही, मी येऊ दिलं नाही. रडायचं तर रड, पण त्यांनी टाकलं म्हणून रडू नकोस, आणि रागवायचं तर माझ्यावर रागव, मी ते सोसेन. तू फोन ठेवल्यावर त्यांनी मला खुणेने विचारलं, कोण होतं. मी पाटीवर लिहिलं, चिमणी गात होती. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग टेबलावरचा फोन उचलला, कानाला घट्ट लावला आणि डोळे मिटून बसले, कितीतरी वेळ. मध्ये एकदा डोळे उघडून मला विचारलं, अजून गातेय का. मी मान हलवून हो म्हटलं.

तुझीच,
आई